निगमसभा आणि त्रिरश्मीचे दहावे लेणे

अंबडच्या औद्योगिक वसाहतीपासून जवळच, मुंबई-आग्रा महामार्गालगत त्रिरश्मी डोंगर उभा आहे. त्याच्या कुशीतील २४ लेण्यांना लोकव्यवहारात ‘पांडवलेणी’ म्हणतात. पांडवांचा या लेण्यांशी काही संबंध असल्याचा पुरावा तेथील एकाही शिलालेखात नाही. मात्र ज्या नागरी वास्तूचा आज मागमूसही उरलेला नाही, त्या निगमसभेची नोंद तेथे निःसंदिग्धपणे कोरलेली आहे.

नगरातील सार्वजनिक सभागृह पालि वाङ्मयाला चांगले परिचित आहे. त्यास ‘संथागार’ म्हणत. मज्झिमनिकायातील सेखसुत्तानुसार, कपिलवत्थूच्या शाक्यांनी नवे संथागार बांधले तेव्हा त्याचा पहिला उपयोग तथागतांनी करावा, त्यानंतर आपण करू, अशी विनंती त्यांनी केली. कुसिनारेच्या मल्लांच्या संथागारात राज्यकारभाराचा विचार चाले. महापरिनिब्बानानंतर तथागतांच्या अस्थी सात दिवस तेथेच ठेवण्यात आल्या. कारभार, धम्मश्रवण आणि अस्थिपूजा यांना एकच वास्तू पुरेशी होती.

त्रिरश्मीच्या दहाव्या लेण्यातील लेख याच परंपरेचा व्यावहारिक पुरावा होय. क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने हे लेणे चातुर्दिश भिक्खुसंघास दिले आणि वर्ष ४२ मध्ये ३००० कार्षापणांची अक्षयनीवी ठेवली. गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे २००० कार्षापण दरमहा शेकडा एक दराने, तर दुसरीकडे १००० पाऊण दराने ठेवण्यात आले. मुद्दल परत घ्यावयाचे नव्हते. केवळ व्याज वापरावयाचे होते. पहिल्या रकमेतून लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यावयाचे होते. वाचकांनी हिशेब करून पाहावा : दरमहा २० प्रमाणे वर्षाचे व्याज २४०, आणि २० भिक्खूंचे प्रत्येकी १२ मिळूनही २४० च होतात. दात्याने भावनेबरोबर गणितही नेमके सांभाळले होते.

हे सर्व निगमसभेत वाचून दाखविले गेले व रिवाजाप्रमाणे फलकावर नोंदविले गेले, असे लेख सांगतो. म्हणजे राजजामाताचे दानही नागरिकांच्या कानांवर घालूनच पक्के होत असे. निगमसभा ही केवळ चर्चेची जागा नव्हती. ती साक्षीची व नोंदीचीही जागा होती.

पुढे नहपानाची सत्ता गौतमीपुत्र सातकर्णीने मोडली. तरीही तिसऱ्या लेण्यातील त्याच्या वर्ष १८ च्या आज्ञेनुसार पूर्वी उषवदाताने उपभोगलेले २०० निवर्तने क्षेत्र त्रिरश्मीच्या भिक्खूंना देण्यात आले. ते कसले जात नाही आणि गावही ओस पडले आहे, असे आढळल्यावर वर्ष २४ मध्ये नगरसीमेवरील राजकीय शेतातून १०० निवर्तने देण्यात आली. राजवंश बदलला, पण भिक्खुसंघाच्या निर्वाहाची व्यवस्था नव्या राजानेही पुढे चालविली.

लेण्यांचा उपयोग मात्र कालांतराने पालटत गेला. दुसऱ्या व विसाव्या लेण्यांत महायानकाळी बुद्धमूर्ती आल्या. अकराव्यात जैन तीर्थंकर विराजमान झाले. दहाव्या लेण्याच्या मागील भिंतीवर कोरलेल्या स्तूपाला घडवून भैरवाचे रूप देण्यात आले. भिक्खू गेले, नवे नाव रूढ झाले आणि ब्राह्मी अक्षरे वाचणारा कोणी उरला नाही. एकोणिसाव्या शतकात पं. भगवानलाल इंद्रजी आदी विद्वानांनी ती वाचली, तेव्हा लेण्यांचे मूळ मालक पुन्हा बोलू लागले. आज हे स्थळ भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली असून उपासक-उपासिका तेथे वंदनेसाठी जातात.

वास्तूचे उपयोग बदलणे हा इतिहासाचा स्वाभाविक क्रम आहे; त्याबद्दल आक्रोश करण्याचे कारण नाही. परंतु बदलाबरोबर मूळ नोंदही पुसली गेली, तर वारसा हक्क सांगण्याची भाषाच हरवते. निगमसभेची इमारत गेली, तिच्यातील फलकही गेला. डोंगरातील प्रत तेवढी वाचली. त्रिरश्मीवर जाणाऱ्या प्रत्येकाने दहाव्या लेण्यातील त्या ओळींपुढे क्षणभर थांबावे आणि सोबतच्या मुलांना त्यांचा अर्थ सांगावा. जाहीर वाचनाचा तो रिवाज आता आपल्यालाच पाळावयाचा आहे.