व्यवसायनामे आणि रक्ताचा कर्करोग

नाशिकच्या तांबट आळीचे नाव घेताच तेथील कारागीर कोणता धातू हाताळीत, हे ध्यानी येते. ‘ताम्रकुट्ट’पासून तांबट व ‘कांस्यकार’पासून कासार हे शब्द सिद्ध झाले, अशा व्यवसायनामांत द्रव्याचा उल्लेख अंतर्भूतच होता. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. पुढे सातपूर व अंबड येथे कारखाने उभे राहिले आणि ‘कंपनीत आहे’ हे उत्तर रूढ झाले. या उत्तरात द्रव्याचा मागमूस नाही. रक्ताच्या कर्करोगाच्या संदर्भात ही उणीव केवळ भाषिक राहत नाही.

रोग्यास त्याचा धंदा विचारावा, असे इटालियन वैद्य रामाझिनी याने १७०० सालच्या ग्रंथात सांगितले. १८९७ साली स्वीडनमध्ये सान्टेसन याने सायकलींच्या टायरच्या कारखान्यातील स्त्रियांना बेंझिनमुळे जडलेल्या प्राणघातक रक्तविकाराचे वर्णन केले. बेंझिनशी संबंधित रक्ताच्या कर्करोगाची नोंद १९२८ साली फ्रान्समध्ये झाली. १९७४ साली आक्सॉय याने इस्तंबूलच्या पादत्राण-कारागिरांतील असे रोगी पुढे आणले. तेथे विष चामड्यात नव्हते, चिकटविण्याच्या द्रवात होते. म्हणजे जुने, द्रव्यवाचक व्यवसायनामही पुरेसे नाही.

भारतात १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत बेंझिनची विषबाधा होती. कर्करोगांपैकी मात्र त्वचेचाच निर्देश होता. भोपाळच्या १९८४ मधील दुर्घटनेनंतर १९८७ च्या दुरुस्तीने ‘व्यवसायजन्य कर्करोग’ हा व्यापक शब्दप्रयोग तीत आला. अनुसूचीतील रोगाचा संशय आल्यास उपचार करणाऱ्या वैद्यकाने मुख्य निरीक्षकास कळवावे, असे कलम ८९ सांगत होते. हे बंधन २०२० च्या संहितेतही आले आहे.

परंतु संशय येण्यास आधार लागतो. बेंझिनच्या संसर्गानंतर रोग प्रकट होण्यास कित्येक वर्षे लागू शकतात. तोवर रुग्णपत्रिकेत ‘निवृत्त’ किंवा ‘शेती’ एवढाच शब्द उरतो. म्हणून रोग्यास आजवरची सर्व कामे क्रमाने विचारली पाहिजेत. प्रत्येक कामाची वर्षे, हाती असलेले द्रव व खोलीतील हवेची सोय टिपली पाहिजे. रोगी ‘थिनर’ किंवा ‘सोल्युशन’ म्हणेल, तर तो शब्द तसाच नोंदवून त्यातील घटकांचा शोध घ्यावा. ही नोंद नसेल, तर कुटुंबाचा भरपाईचा दावा निराधार ठरण्याचा संभव असतो आणि त्याच जागी काम करणारे इतर कामगार सावध होत नाहीत.