गांजाने वेड लागतं? १८९२ च्या एका रकान्याची गोष्ट

"इंग्रजांच्याच कमिशनने गांजाला क्लीन चिट दिली," असा फॉरवर्ड तुम्हालाही आला असेल. आज तोच रिपोर्ट नीट वाचू.

तेव्हा आपलं समुद्रपूर मध्य प्रांतात होतं. देशभरातल्या पागलखान्यांच्या रजिस्टरात एक रकाना असायचा: वेडाचं कारण. १८९२ साली १,३४४ जण भरती झाले. त्यातल्या २२२ जणांपुढे कारण लिहिलं होतं गांजा, भांग किंवा चरस. म्हणजे दर सहांपैकी एक! लंडनच्या पार्लमेंटमध्ये प्रश्न उठला आणि १८९३ मध्ये 'इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन' नेमलं गेलं.

कमिशनने १,१९३ साक्षी घेतल्या. पण भारी काम केलं ते वेगळंच: त्या २२२ केसेस एकेक करून उघडल्या. रकाना भरत कोण होतं? बहुतेक वेळा पोलीस. घरच्यांचा पत्ता नाही, कारण माहीत नाही. कुणी म्हणालं "गांजा ओढायचा", झालं, लिहा गांजा. डॉक्टर तेच रजिस्टरात उतरवायचे. आमच्या भाषेत सांगायचं तर ती डिफॉल्ट व्हॅल्यू होती. तपासणीनंतर उरल्या ९८ केसेस. त्यातही ३७ मध्ये दुसरं कारण सोबत होतं. निव्वळ नशेच्या राहिल्या ६१.

मग क्लीन चिट? नाही ना भाऊ! ६१ म्हणजे शून्य नव्हे. १८९४ च्या रिपोर्टमध्ये थोड्या सेवनाने फारसं नुकसान नाही असं म्हटलंय, पण अति सेवनाने शरीर-मन बिघडतं, वेडही लागू शकतं, हेही लिहिलंय. फॉरवर्डमध्ये पहिलंच वाक्य येतं.

शिवाय माल तोच राहिलेला नाही. २०१९ मध्ये 'लॅन्सेट सायकियाट्री'त युरोप आणि ब्राझीलमधला अभ्यास आला. त्यात पहिल्यांदाच सायकोसिस झालेल्या ९०१ रुग्णांची तुलना त्याच भागांतल्या १,२३७ सामान्य लोकांशी केली. किती वेळा ओढता आणि किती कडक, हे दोन्ही विचारलं. रोज कडक माल ओढणाऱ्यांत सायकोसिसची शक्यता कधीच न ओढणाऱ्यांच्या जवळपास पाचपट निघाली. एवढ्यावरून गांजा हेच कारण असं सिद्ध होत नाही. पण हा आकडा झटकून टाकण्यासारखाही नाही.

तेव्हा पुढचा फॉरवर्ड आला की तीन गोष्टी विचारा: रकाना कुणी भरला, किती आणि कसला माल, आणि तुलना कुणाशी केली? भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.