किल्ल्याचे दार आणि शिपायाचे छप्पर

मनमाडहून जालन्याकडे जाताना, जालन्याच्या अलीकडे बदनापूरचे स्थानक लागते. मराठवाड्यातील शेतकऱ्यांना हे नाव येथील संशोधन केंद्रात तयार झालेल्या तुरीच्या वाणांमुळे परिचयाचे आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र ते एका तारखेमुळे आठवते. २१ सप्टेंबर १८०३ रोजी कंपनी सरकारचे दोन सेनानी, आर्थर वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन, आपापल्या फौजांसह येथे एकत्र आले. दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या सैन्यावर डोंगराच्या दोन बाजूंनी चालून जावे आणि २४ तारखेला मिळून हल्ला करावा, असा बेत त्यांनी बदनापुरी ठरवला. शत्रू अपेक्षेपेक्षा जवळ आढळला, म्हणून वेलस्लीने २३ तारखेलाच एकट्याने लढाई दिली. केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात झालेली हीच ती असईची लढाई.

या लढाईचे डावपेच सर्व ग्रंथांतून सांगितले जातात. आम्हांस येथे संध्याकाळनंतरची हकिकत सांगावयाची आहे. वेलस्लीच्या सैन्यातील ४२८ माणसे ठार झाली, १,१३८ जखमी झाली आणि १८ बेपत्ता झाली. शिंद्यांच्या बाजूची हानी याहून कितीतरी मोठी होती. स्टीव्हन्सनची फौज दुसऱ्या दिवशी येऊन पोहोचली. परंतु जखमींच्या शुश्रूषेसाठी तिला तेथेच थांबावे लागले. लढाईला चार दिवस उलटले तरी काही जखमी रणांगणावरून उचलले जात होते.

या जखमींना ठेवावयाचे कोठे? जवळचे मजबूत ठिकाण म्हणजे दौलताबादचा किल्ला. निजाम तर कंपनीचा मित्र. तरीही त्याच्या किल्लेदाराने जखमींना आत घेण्यास नकार दिला. एवढे मोठे तट, एवढे दगडी वाडे आणि कोठ्या; पण दार उघडले नाही. शेवटी अजिंठ्याच्या तटबंदीच्या गावात रुग्णालय थाटावे लागले. मराठवाड्यातील जुन्या वास्तू आणि निराधार सैनिक यांची गाठ पडल्याचा हा एक ठळक प्रसंग होय. एका वास्तूने पाठ फिरवली, दुसरीने आसरा दिला.

पुढची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. असईत लढलेल्यांना पदक देण्याचे कंपनीने ठरवले ते १८५१ मध्ये, म्हणजे तब्बल ४८ वर्षांनी, आणि तेही केवळ हयात असलेल्यांना. पराभूत बाजूच्या शिपायांना तर तेवढेही मिळाले नाही. दख्खन आणि माळवा या प्रदेशांत फौजा मोडत गेल्या, तशी घोडा आणि भाला यांखेरीज ज्यांच्यापाशी काही नव्हते अशी हजारो माणसे मोकळी झाली. त्यांतील कित्येक पेंढाऱ्यांच्या टोळ्यांत शिरले. १८१७–१८ मध्ये त्यांच्याविरुद्ध मोठी मोहीम उघडावी लागली. गावे लुटणाऱ्या पेंढाऱ्यांचे समर्थन कोणी करू नये. पण सैनिकाला निरोप देताना त्याच्या निवाऱ्याचा विचार न करणाऱ्या राज्यकर्त्यांना त्याची किंमत कोणत्या रूपाने मोजावी लागते, याचा हा धडा आमच्याच भूमीत लिहिला गेला आहे.

हा धडा काही ठिकाणी लवकर समजला होता. इंग्लंडमध्ये ग्रीनिच येथे राजवाड्याचा एक भाग बांधून पुढचे काम रखडले होते. १६९४ मध्ये ती वास्तू वृद्ध आणि जायबंदी नाविकांच्या आश्रमासाठी देण्यात आली. नव्या बांधकामाची भर पडून १७०५ मध्ये पहिले रहिवासी तेथे आले. राजासाठी उभारलेल्या भिंतींच्या आत खलाशी राहू लागले. आमच्या कोकणातही दापोलीच्या लष्करी ठाण्यात काही काळ वयोवृद्ध शिपायांची पलटण ठेवलेली होती. ‘कॅम्प दापोली’ हे नाव अजून लोकांच्या तोंडी आहे.

आता विसाव्या शतकाकडे येऊ. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ मोठा लष्करी तळ उभारला गेला होता. युद्ध संपले, शिपाई गेले आणि बराकी ओस पडल्या. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना याच बराकींत जागा देण्यात आली. लांबलचक बराकीत आडोसे घालून एकेका कुटुंबाचे घर झाले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीच्या नगराची कोनशिला बसली आणि तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. तेथील पहिले दिवस कष्टाचे होते. तरी हेही खरे, की नवी घरे बांधून होईपर्यंत त्या माणसांना उघड्यावर ठेवावे लागले नाही. छप्पर आधीच उभे होते.

कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथील कथा आपल्या वाचकांना अधिक जवळची वाटेल. १९४३ ते १९४८ या काळात तेथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक स्त्रिया आणि मुले, आणि बहुसंख्य कॅथोलिक. त्यांतील अनेकींचे पती, पुत्र व बंधू दोस्तांच्या बाजूने युद्धात लढत होते. विजय मिळाला, पण देश कम्युनिस्ट राजवटीखाली गेला, आणि जिंकलेल्या सैन्यातील हजारो सैनिकांना परतण्यास घर उरले नाही. ब्रिटनने त्यांना आपल्या देशात ठेवून घेतले. त्यांच्या वस्तीसाठी युद्धकाळातील रिकामे तळ कामी आले. वेल्समधील पेन्रोस येथील जुन्या विमानतळावर १९४९ पासून पोलिश सैनिकांची वसाहत नांदू लागली आणि सुमारे सात दशके ती वृद्धांचा आधार झाली. वळिवड्याचा तळ पोलिश मंडळींनी सोडल्यावर तेथेही सिंधी कुटुंबे आली. तेच आजचे गांधीनगर.

याच विचाराचे अगदी अलीकडचे आणि पूर्ण रूप अमेरिकेत दिसते. यादवी युद्ध संपत आले असता, मार्च १८६५ मध्ये, अध्यक्ष लिंकन यांनी अपंग सैनिकांसाठी राष्ट्रीय आश्रम स्थापन करण्याच्या कायद्यावर सही केली. मिलवॉकी शहरातील आश्रमाची मुख्य इमारत १८६९ मध्ये पूर्ण झाली. पुढे ती रिकामी पडली आणि अनेक वर्षे पाणी तिच्यात झिरपत राहिले. २०११ मध्ये तिची गणना देशातील अत्यंत धोक्यात असलेल्या वास्तूंमध्ये झाली. मग शासन, स्थानिक गृहनिर्माण संस्था आणि खासगी भांडवल यांनी हातमिळवणी केली. ऐतिहासिक इमारतीच्या जीर्णोद्धारासाठी मिळणारी करसवलत हा या कामातील एक मोठा आधार होता. २०२१ मध्ये ती इमारत व तिच्या आसपासच्या पाच वास्तू मिळून १०१ घरे तयार झाली. ती बेघर झालेल्या अथवा बेघर होण्याच्या बेतात असलेल्या माजी सैनिकांसाठी आहेत. भाडे उत्पन्नाच्या प्रमाणात घेतले जाते आणि सल्ला व उपचार यांची सोय तेथेच आहे. ज्या कामासाठी दगड रचले होते, त्याच कामाला दीडशे वर्षांनी ते पुन्हा लागले.

आमच्याकडे असे काही होईल काय, हा प्रश्न मनात येतो. १९१७ मध्ये स्थापन झालेली, जायबंदी सैनिकांना हस्तव्यवसाय शिकवणारी संस्था खडकी येथे आहे. १९७४ पासून पाठीच्या कण्याला दुखापत झालेल्या जवानांचे पुनर्वसन केंद्रही तेथे आहे. ही कामे मोलाची आहेत. परंतु बेघरपणा आमच्या समाजात सहसा रस्त्यावर दिसत नाही. तो घराच्या ओसरीवर झोपलेला असतो. आमच्या ओळखीचे एक वृद्ध माजी सैनिक पुतण्याच्या घरी राहतात. निवृत्तिवेतन मिळते, दोन वेळचे जेवण मिळते. पण आतल्या खोलीत त्यांची खाट नाही. पत्र्याच्या ट्रंकेत पदके आहेत आणि ट्रंक पावसाळ्यात भिजू नये म्हणून ते तिच्यावर गोणपाट टाकतात. पुतण्याचा दोष म्हणावा, तर त्याच्याही दोन खोल्यांत सहा माणसे आहेत.

दुसरीकडे जालना जिल्ह्यातच पाहा. जालन्याची छावणी १८२७ मध्ये वसली आणि १९०३ मध्ये मोडली. १७२५ मध्ये काबिलखानाने बांधलेल्या मस्तगडात पुढे नगरपालिकेची कचेरी भरू लागली. म्हणजे जुन्या वास्तूला नवे काम देणे या भागाला अपरिचित नाही. कायद्याने संरक्षित केलेल्या स्मारकांत कोणाला राहता येणार नाही, हे उघड आहे. पण कोणत्याच यादीत नसलेल्या जुन्या कचेऱ्या, मुसाफिरखाने, चौकीवजा बंगले आणि वाडे गावोगावी पडके होत आहेत. त्यांच्या जाड दगडी भिंती मराठवाड्याच्या उन्हाळ्यात गारवा देतात. डागडुजी मात्र जाणत्या हाताने व्हावी. चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा केला की ओल आतच कोंडते. उंबऱ्यापाशी उतरण हवी, संडास-न्हाणी जवळ हवी, आणि मालकीचे कागद आधी स्वच्छ हवेत. सर्वांत महत्त्वाचे हे की, राहणाऱ्याला स्वतःच्या नावाची किल्ली हवी. दुसऱ्याच्या मर्जीवर मिळालेला कोपरा म्हणजे घर नव्हे.

वापरात असलेल्या इमारतीचे छप्पर पहिल्या पावसात गळले तर त्याच दिवशी कोणीतरी वर चढते. ओसाड इमारतीत मात्र झाड उगवून भिंत फुटेपर्यंत कोणी फिरकत नाही. म्हणून वास्तू जपण्याचा आणि माणूस जपण्याचा खर्च पुष्कळदा एकच असतो, असे आम्हांस वाटते.

मागे एकदा त्या वृद्ध सैनिकांना आम्ही असईची ही हकिकत सांगितली. बदनापूरचा बेत, नद्यांमधली लढाई, तोफा, हे सारे त्यांनी शांतपणे ऐकले. दौलताबादच्या किल्लेदाराची गोष्ट येताच ते सावरून बसले आणि म्हणाले, “मग फादर, दार शेवटी उघडलं कुणी?”

“अजिंठ्यानं, बाबा,” आम्ही म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि ट्रंकेवरचे गोणपाट नीट केले. आभाळ भरून आले होते.