दुपारची सभा

उंबऱ्याशी चपला काढा आणि आत या. १९६४ सालचा मार्च आहे, सांगलीचा गावभाग. जेवणं उरकलीत, ओटीचं सारवण अजून गार आहे आणि पेठेकडे निघालेल्या हळदीच्या गाड्यांचा वास बोळात भरून राहिलाय. घरच्या काकू तुम्हाला ओळखत नाहीत, पण दुपारी दारात आलेल्या माणसाला इथे आधी पाणी देतात आणि मग नाव विचारतात.

‘बसा की. आत्ता लागंल.’

लागंल म्हणजे रेडिओ. फळीवरचा, क्रोशाचा रुमाल पांघरलेला व्हॉल्व्हचा सेट. बटण फिरवलं म्हणून तो लगेच बोलत नाही. आधी आत पिवळा उजेड पडतो, मग तापलेल्या धुळीचा वास येतो, मग घसा खाकरल्यासारखी खरखर. काचेवर एका जागी कुंकवाचं बोट उमटवलंय. काटा तिथे आला की सांगली. केंद्र सुरू झालं १९६३ मध्ये आणि सेट त्याच्या आधीचा, मग छापील काचेवर सांगलीचं नाव कुठून असणार? दिल्ली आहे, कोलंबो आहे. सांगली कुंकवाची. कोनाड्यात पोस्टातून काढलेलं लायसनचं पुस्तक आहे. वर्षाचे पंधरा रुपये भरायचे, नाहीतर गाणं ऐकणंही बेकायदा.

आकाशवाणी आपल्या प्रक्षेपणाच्या वेळांना ‘सभा’ म्हणते, त्यातली दुसरी दुपारची. सरकारी शब्द क्वचितच इतका नेमका बसतो. शेजारच्या दोघी सूप घेऊन आल्यात, एक आजी बोटांना राख लावून वाती वळतेय. रिकाम्या हातांचे तेवढे तुम्हीच, तेव्हा तांदळाचं ताट पुढ्यात ओढून घ्या आणि खडे निवडा.

डॉक्टरीणबाई बाळाच्या जुलाबांवर बोलताहेत. त्यानंतर एका म्हाताऱ्या नटाची मुलाखत आहे. नट म्हटलं की हे गाव कान टवकारतं. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीता स्वयंवर’ इथेच उभं केलं आणि बालगंधर्वांचं नागठाणंही इथून फार लांब नाही. पण तुम्ही नटाकडे नको, काकूंकडे लक्ष द्या. त्या रेडिओशी बोलतायत.

‘बाळास पाणी उकळून, गार करून द्यावे,’ पेटीतून येतं.

‘तसंच देतो की बाई,’ काकू म्हणतात. या पट्ट्यात बाया सर्रास ‘मी जातो, मी देतो’ म्हणतात, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मग त्यांची नजर तुमच्यावर पडते आणि त्या चटकन बदलतात, ‘देते हो, तसंच देते.’ पेटीतल्या बाईचा ‘ण’ टाळूला कसा नेमका लागतो, ते त्यांनीही ऐकलंय. रेडिओ आपल्या गावचा झाला, तरी त्यातली बोली अजून पाहुणीच आहे.

उठा आता, म्हसवडची गाडी पकडायची आहे. ही एसटी मैलांबरोबर वर्षंही मागे टाकते. कंडक्टर त्याचं वेगळं तिकीट फाडत नाही.

तासगावजवळ उतरलात तर १९८६ चा डिसेंबर. लायसनची भानगड संपलीय. द्राक्षबागेत वाकून शिरा, मांडव डोक्याला लागतो. बाया एकेक घड जीएच्या, म्हणजे जिबरेलिक ॲसिडच्या, डब्यात बुडवून काढतायत, कोपरापर्यंत ओल्या. तारेला चामडी कव्हरातला ट्रान्झिस्टर अडकवलाय, त्याच्या भोकाभोकांच्या जाळीतून कुणी तज्ज्ञ डावणी रोगावर सांगतोय. मालक ‘गप बसा गं जरा’ म्हणतो. बायांना मात्र गाणी हवीत. त्यातल्या एका पोरीनं ‘आपली आवड’साठी पंधरा पैशांचं पोस्टकार्ड टाकलंय, घरादाराची नावं घालून, आजीचं, दोन्ही काकांचं, नुकत्याच जन्मलेल्या भाच्याचंसुद्धा. फर्माइशींसाठी गाजलेलं झुमरीतलय्या तेव्हाच्या बिहारमध्ये असेल, पण त्या जातीची गावं इकडेही काही कमी नव्हती. नावांच्या यादीत ‘कवठे एकंद’ आलं की सगळ्या रांगेचे हात थांबतात. निवेदकानं भाच्याचं नाव चुकवलं, त्याचंही कुणाला वाईट वाटत नाही. गाव तर म्हटलं! पोरीचं नाव जिल्हाभर फिरून आलं. आवाज मात्र मांडवाखालीच राहिला.

विट्याला चहा पिऊन घ्या, पुढचा रस्ता रुक्ष आहे. आटपाडीच्या आसपास बाभळी दिसू लागल्या की माणदेश लागला म्हणायचं. इथलं पाणी कमी पण बोलणं मुबलक, आणि त्याला रेडिओची वाट फार आधी सापडली होती, फक्त पुण्याहून. ग. दि. माडगूळकरांनी ‘गीतरामायण’ लिहिलं ते पुणे केंद्रासाठी, १९५५ साली. त्यांचे धाकटे भाऊ व्यंकटेश माडगूळकर त्याच केंद्रात ग्रामीण कार्यक्रमांत वर्षानुवर्षं होते. दोघंही या मातीतले. माणदेशी माणसाला माणदेशाशी रेडिओवरून बोलायचं, तर आधी पुण्याला बिऱ्हाड करावं लागे. ही गोष्ट मला कायम थोडी हसू आणणारी आणि थोडी खुपणारी वाटत आलीय.

म्हसवड. सातारा जिल्हा लागलाय आणि २०१३ चा उन्हाळा आहे. माळावर जनावरांची छावणी पडलीय, ताडपत्र्या, शेणाचा दर्प, चाऱ्याच्या गाडीमागे पळणारी माणसं. अख्खी कुटुंबं गुरांबरोबर राहायला आलीत. रेडिओचा सेट कुठेही नाही. तो आता मोबाइलमध्ये आहे, आणि कानात घालायची वायर ताडपत्रीच्या बांबूवर टांगलीय, कारण तीच एरियल. ९०.४ वर माणदेशी तरंग वाहिनी लागलीय. संस्थांना असं सामुदायिक रेडिओ केंद्र काढायची मुभा २००६ च्या धोरणानं दिली, त्यानंतर दोनच वर्षांनी चेतना सिन्हांच्या माणदेशी फाउंडेशननं हे सुरू केलं. तिकडे जत तालुक्यात जालिहाळची येरळावाणीही याच वाटेनं आली. ताकद बेताची, दहा-पंधरा किलोमीटरचा घेर. बातम्या द्यायला बंदी. उरतं काय, तर गप्पा. शेळीचं दूध, बचतगटाचा हिशेब, जात्यावरच्या ओव्या, सुनेचं सिझर.

तुमच्या शेजारी खाटेवर बसलेल्या आजींना रेडिओची पोरगी मागे येऊन काय काय विचारून गेली होती. तेच आत्ता लागलंय. आजींनी फोन हातात धरलाय, जरा लांब, तव्यावरून उतरवलेली भाकरी धरावी तसा.

‘आजी, दिवसभर काय करता हितं?’

‘काय करती? म्हशीपाशी बसती. तिला येकटीला करमत न्हाई.’

आजींनी हे कुणाकडे पाहून बदललेलं नाही. फोनमधून आवाज मोठा येतो, ‘लई गुणाची हाय, पर पाणी दिसलं न्हाई की वराडती.’ दाव्याला बांधलेली म्हैस रवंथ थांबवते. कान पुढे करते. आणि खाटेवरच्या आजींकडे नाही, त्यांच्या हातातल्या फोनकडे मान वळवून हंबरते.

‘येडी हाय,’ आजी तुम्हाला सांगतात, आणि फोन तिच्या तोंडाजवळ नेतात.