दोघांचे गाणे, घरची बैठक

मराठी भावगीताचा इतिहास सांगताना ध्वनिमुद्रिका, नभोवाणी आणि चित्रपट या तिघांची नावे प्रथम घेण्याचा प्रघात आहे. तो चुकीचा नाही. पण या तिघांच्या आधी आणि तिघांच्या मुळाशी आणखी एक संस्था होती, तिची नोंद कोणत्याही दप्तरात सापडत नाही. ती संस्था म्हणजे मध्यमवर्गीय मराठी माणसाचे घर. दिवाणखान्यात अंथरलेली सतरंजी, कोपऱ्यातली पेटी, चहाचे पेले आणि दहापंधरा जाणती माणसे, एवढ्या भांडवलावर आपल्याकडे एक नवा गीतप्रकार उभा राहिला. त्या घरातही ज्या ठिकाणी पती आणि पत्नी दोघेही त्या कलेत रमलेली होती, तेथे या गाण्याला विशेष बहर आला. मुलुखापासून दूर, भिलाईच्या सेक्टर १० मध्ये सरकारी नोकरीनिमित्त राहणाऱ्या आम्हांला या इतिहासाची आठवण करावीशी वाटते. त्याचे कारण पुढे येईलच.

कविता घरात बसून म्हणण्याची प्रथा पुण्याच्या रविकिरण मंडळाने प्रतिष्ठेस नेली. १९२३ साली स्थापन झालेल्या या मंडळात माधव जूलियन, यशवंत, गिरीश आदी कवी होते आणि त्यांच्याबरोबर श्रीधर बाळकृष्ण रानडे व मनोरमाबाई रानडे हे दांपत्य होते. मंडळातील कवींना कोणी सप्तर्षी म्हटले, तेव्हा मनोरमाबाईंना अरुंधतीचे स्थान आपोआपच मिळाले. रविवारी जमावे, चहा घ्यावा आणि नव्या कविता एकमेकांस म्हणून दाखवाव्यात, असा त्यांचा क्रम असे. या दांपत्याचा संयुक्त संग्रह ‘श्री-मनोरमा’ या नावानेच निघाला. पतिपत्नींनी एकाच मुखपृष्ठाआड आपापल्या कविता ठेवाव्यात, ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती. मनोरमाबाईंना दीर्घायुष्य लाभले नाही. परंतु घरची बाई ही केवळ चहा आणून देणारी नसून बैठकीतील एक कवी आहे, हे त्यांनी आपल्या उपस्थितीने सिद्ध केले. मंडळाच्या काव्यगायनाची पुढे थट्टाही पुष्कळ झाली. आचार्य अत्रे यांच्या ‘झेंडूची फुले’ या १९२५ च्या विडंबनसंग्रहाने त्या काळच्या कवींच्या लकबींची चांगलीच टोपी उडवली. तरीही कविता कानांनी ऐकावयाची वस्तू आहे, ही सवय महाराष्ट्रास लागली ती लागलीच.

येथे आमच्यासारख्या प्रवासी मराठी वाचकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. गाण्याकडे झुकलेल्या या कवितेचा उगम केवळ पुणे-मुंबईत शोधणे बरोबर नाही. भा. रा. तांबे (१८७३–१९४१) यांचे सारे आयुष्य मध्य भारतातील संस्थानांत, नोकरीच्या निमित्ताने, महाराष्ट्राबाहेर गेले. आणि त्यांच्याच कित्येक कवितांच्या माथ्यावर रागाचे किंवा चालीचे नाव आढळते. ज्यांच्या ‘रानारानांत गेली बाई शीळ’ या कवितेच्या ध्वनिमुद्रिकेपासून भावगीताचा आरंभ मानण्याची रूढी आहे, ते ना. घ. देशपांडे वऱ्हाडातील मेहकरचे. ती ध्वनिमुद्रिका जी. एन. जोशी यांच्या आवाजात १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत निघाली. राजा बढे नागपूरचे. आणि ज्यांच्याविषयी आम्ही प्रामुख्याने लिहू इच्छितो ते केशवराव भोळे यांचा जन्म १८९६ साली अमरावतीचा.

केशवराव वैद्यकीच्या शिक्षणासाठी मुंबईस आले आणि संगीताने त्यांना आपल्याकडे ओढून घेतले. गाणे ऐकणे, गाण्यावर लिहिणे आणि गाण्याला चाल देणे या तिन्ही गोष्टी त्यांनी सारख्याच आस्थेने केल्या. ‘एकलव्य’ आणि ‘शुद्धसारंग’ या टोपणनावांनी त्यांनी केलेले संगीतविषयक लेखन आजही आधारभूत मानले जाते. गवयाच्या तानांची संख्या मोजण्यापेक्षा त्याच्या गाण्यातील विचार शोधावा, ही दृष्टी मराठी वाचकाला देणाऱ्यांत त्यांची गणना करावी लागेल. १९३२ साली त्यांचा विवाह गोमंतकातील बांदिवडे गावच्या दुर्गा केळेकर यांच्याशी झाला. १९१४ साली जन्मलेल्या, गाण्याचीच परंपरा असलेल्या घरातून आलेल्या या मुलीने संगीताचे धडे मुंबईत घेतले होते. पुढे महाराष्ट्राने त्यांना ज्योत्स्ना भोळे या नावाने ओळखले.

एक चाल बांधणारा, दुसरी ती गळ्यावर चढवणारी. एकाचा पिंड चिकित्सकाचा, दुसरीचा उपजत गायिकेचा. अशा दोघांचा संसार म्हटल्यावर नवी चाल प्रथम घरातच ऐकली जाणार, घरातच मोडली जाणार आणि घरातच पुन्हा बसवली जाणार, हे सांगावयास नको. याचे एक चांगले उदाहरण म्हणजे अनंत काणेकरांचे ‘आला खुशीत समिंदर’ हे गीत. शब्द सुशिक्षित कवीचे, पण बोली कोळ्याची, चाल केशवरावांची, आवाज ज्योत्स्नाबाईंचा. लोकगीताचा बाज आणि नव्या कवितेची जाण यांचा असा मिलाफ त्या पिढीला नवा होता. ज्याला लोकसंगीत म्हणतात ते केवळ जुनेच असले पाहिजे असे नाही. ते आज, जाणतेपणाने, नव्याने रचता येते, हा धडा या गाण्याने दिला.

त्याच धड्याची मोठी प्रचीती चित्रपटात आली. १९३३ नंतर केशवराव पुण्यास प्रभात कंपनीत संगीतदिग्दर्शक झाले. ‘अमृतमंथन’ (१९३४), ‘संत तुकाराम’ (१९३६), ‘कुंकू’ (१९३७), ‘संत ज्ञानेश्वर’ (१९४०) आणि ‘रामशास्त्री’ (१९४४) ही त्यांच्या संगीताने नटलेली चित्रे. त्यांतील ‘संत तुकाराम’मधील ‘आधी बीज एकले’ ही रचना कवी शांताराम आठवले यांची. परंतु शब्द आणि चाल इतकी एकजीव झाली की ती प्रत्यक्ष तुकोबांचीच समजून गाथेत शोधणारेही लोक निघाले. नवे गीत लोकांनी आपले म्हणून स्वीकारले याची याहून मोठी पावती कोणती असू शकेल?

ज्योत्स्नाबाईंचा वाटा मात्र केवळ आवाज पुरवण्याचा मानणे अन्यायाचे होईल. १ जुलै १९३३ रोजी मुंबईत नाट्यमन्वंतर या संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक रंगभूमीवर आणले. ब्यर्न्सन या नॉर्वेच्या नाटककाराच्या कृतीवरून श्री. वि. वर्तक यांनी ते रचले होते. त्याचे संगीत केशवरावांचे होते आणि त्यात स्त्रीभूमिका स्त्रियांनीच केल्या. ज्योत्स्नाबाई त्यांतील एक. ज्या काळात बालगंधर्वांच्या स्त्रीरूपाची मोहिनी अद्याप ओसरली नव्हती, त्या काळात नवविवाहित स्त्रीने, पतीने रचलेल्या चाली गात, प्रतिष्ठितांच्या समोर उभे राहावे, ही घटना नाट्याइतकीच सामाजिक होती. त्यांची कीर्ती पुढे पतीच्या चालींपुरतीही उरली नाही. १९४२ साली मो. ग. रांगणेकरांच्या ‘कुलवधू’त मास्तर कृष्णरावांच्या चालींवर त्यांनी जे गायिले ते घरोघर गेले. या नाटकाची नायिका संसार आणि रंगभूमी यांच्या ओढाताणीत सापडलेली स्त्री आहे, हे लक्षात घेतले म्हणजे ती भूमिका ज्योत्स्नाबाईंकडे जावी यातील औचित्य कळून येते.

दांपत्याच्या कलेचा विचार करताना आणखी दोन नावे वगळता येत नाहीत. शाहीर साबळे (१९२३–२०१५) यांचा पहाडी आवाज सर्वांस ठाऊक आहे. पण त्यांच्या पत्नी भानुमतीबाई स्वतः गीते रचीत आणि ती शाहिरांच्या मुखातून लोकांपर्यंत जात, हे पुष्कळांस ठाऊक नसते. दुसरे नाव पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांचे. १९४६ साली विवाहबद्ध झालेल्या या दोघांनी पुढील आयुष्यात बोरकर, मर्ढेकर, आरती प्रभू यांच्या कविता रसिकांसमोर वाचून दाखविल्या. पुलंनी चाल दिलेले, राजा बढे यांनी लिहिलेले आणि ज्योत्स्नाबाईंनी गायिलेले ‘माझिया माहेरा जा’ हे गीत तर प्रवासी मराठी मंडळींचे जणू खासगी गीत होऊन बसले आहे.

आता भिलाईकडे वळू. आज ज्या भूमीवर आम्ही राहतो तिला मराठी गाणे परके आहे, असा समज आमच्यातही आहे आणि आमच्या शेजाऱ्यांतही. इतिहास वेगळे सांगतो. छत्तीसगड अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली आले आणि १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा होईपर्यंत ते त्या राज्याचा भाग होते. पुढे १९०३ पासून वऱ्हाडही मध्यप्रांताच्या कारभारास जोडले गेले. म्हणजे केशवरावांची अमरावती आणि आमचा दुर्ग जिल्हा अर्धशतकाहून अधिक काळ एकाच प्रांतात होती. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार रशियाशी झाला त्या दिवशी या राज्याची राजधानी नागपूरच होती. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली आणि रेषा बदलली. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, तोवर भिलाई परप्रांत ठरले होते.

या परप्रांतानेही आपल्या परीने तोच धडा गिरवला. दुर्गजवळच्या बघेरा गावी दाऊ रामचंद्र देशमुख यांनी १९७१ साली ‘चंदैनी गोंदा’ हा लोकरंगमंच उभारला. लक्ष्मण मस्तुरिया यांनी त्यासाठी नवी गीते लिहिली, खुमान साव यांनी त्यांस चाली दिल्या. छत्तीसगढी मातीचा सूर आणि नव्या कवीचे शब्द एकत्र आले, आणि पाहता पाहता ती गीते शेतातल्या बायांच्या तोंडी गेली. काणेकर, केशवराव आणि ज्योत्स्नाबाई यांनी कोळ्याच्या बोलीत जे केले, त्याचेच हे येथील रूप होय. आमच्या दारापासून काही कोसांवर हे घडले, आणि आम्ही मराठी मंडळी त्याकडे शेजारच्या घरचे कार्य म्हणून पाहत राहिलो.

येथेच आमच्या मनातील प्रश्न उभा राहतो. परगावच्या मराठी घरांतील बैठका अद्याप बंद पडलेल्या नाहीत. गणेशोत्सवात, कोजागरीला, कोणाच्या बढतीच्या वा निरोपाच्या निमित्ताने पेटी निघते. नवराबायको दोघेही गाणारी अशी जोडपीही आढळतात. पण गातात काय? जुनेच. तेही मूळ मुद्रिकेशी ताडून, तिच्यातील श्वासासकट. यावर असे म्हणता येईल की, मुलुखापासून दूर असलेल्या माणसाने आहे तेवढे जपले तरी पुष्कळ झाले. या म्हणण्यात तथ्य आहे. ज्या घरात नातवंडे आजीला हिंदीत उत्तर देतात, त्या घरात एखादे जुने मराठी गीत पाठ असणे हीही लहान मिळकत नव्हे. शिवाय आमचे जीवन क्वार्टरातले. बदलीचा हुकूम आला की सामान बांधावयाचे, सेवानिवृत्ती झाली की किल्ली परत करावयाची. अशा घरात परंपरा रुजावी कशी, हा आक्षेपही खरा आहे.

तरीपण वर सांगितलेला इतिहास या आक्षेपाला पुरा पडू देत नाही. तांब्यांना स्वतःचा मुलूख नव्हता, संस्थानांच्या नोकऱ्या होत्या. केशवराव अमरावतीहून, ज्योत्स्नाबाई गोव्याहून आल्या आणि त्यांची भेट तिसऱ्याच गावी झाली. मराठी भावगीत हे मोठ्या अंशी आपले गाव सोडलेल्या माणसांनी घडविले आहे. त्यांनी जुने गाणे जपले ते नव्याला चाल सुचावी म्हणून. केवळ जपलेले गाणे दुसऱ्या पिढीपर्यंत टिकते, तिसरीत त्याची आठवण उरते. ज्या घरात नवे गाणे रचले जाते त्या घरातील मुलाला मात्र भाषा वापरण्यावाचून गत्यंतर नसते, कारण शब्द अडला तर तो त्याच भाषेत शोधावा लागतो.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच की, पुढच्या बैठकीत दहा गाणी जुनी व्हावीत आणि अकरावे येथले व्हावे. झोतभट्टीच्या रात्रीच्या तांबूस उजेडावर, शिवनाथ नदीवर, पाळी संपवून परतणाऱ्या सायकलींच्या रांगेवर मराठीत कोणी दोन कडवी जुळवावीत, घरातल्या दुसऱ्याने त्यांस चाल लावावी. कडवे लंगडे असेल, चाल कोणाच्या तरी चालीवर बेतलेली असेल. हरकत नाही. रविकिरण मंडळाच्या चहाच्या वेळी म्हटलेले सारेच काही अमर झाले नाही. पण त्या दिवाणखान्यांत बसण्याची सवय ज्या महाराष्ट्राने लावून घेतली, त्याला पुढे केशवराव आणि ज्योत्स्नाबाई मिळाल्या.