सालवणीचा दस्तऐवज

चांदा मुलखातील पानझडीच्या रानात कमरेएवढी वाढणारी, जिच्या पेरेदार शेंगा वाटसरूच्या धोतरास चिकटून वंशविस्तार साधतात, ती सालवण, म्हणजेच वैद्यांची शालिपर्णी, दशमुळांत गणली गेली असली तरी महसुली दप्तरास तिचे अप्रूप कधीच नव्हते. १८५४ साली भोसल्यांचे राज्य खालसा झाले, पुढे १८७८ च्या कायद्यान्वये राखीव जंगलांच्या हद्दी पडल्या, तेव्हा सरकारची नजर सागाच्या ओंडक्यांवर खिळली आणि मुळ्या खणणाऱ्यांची पिढीजात वहिवाट हक्क न राहता केवळ सवलत उरली. ही अनवधानाची चूक नव्हे, धोरणच होते, असे माझे मत आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने औषधी वनस्पती व मुळे गौण वनोपजांत नमूद केली. त्यान्वये २००९ साली गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावास सामूहिक हक्काची सनद मिळाली.