एकसंध लाकडी धनुष्य

एकसंध लाकडी धनुष्य हे लाकडाच्या एकाच तुकड्यातून, कोठेही जोड न देता, हाताने घडवलेले धनुष्य होय. लाकूड, शिंग आणि स्नायुतंतू यांचे थर सरसाने चिकटवून केलेल्या संयुक्त धनुष्याहून ते वेगळे आहे. शिकारीचे साधन म्हणून युरोप, आफ्रिका, आशिया आणि अमेरिका या खंडांत ते हजारो वर्षे वापरात होते. मराठीत साध्या धनुष्याला कामठा किंवा कमठा असेही म्हणतात. बाणासह त्याचा उल्लेख तीरकामठा असा होतो. लाकडातील तंतू अखंड राखणे आणि दोन्ही बाहू सारखे वाकेपर्यंत लाकूड थोडे थोडे तासत जाणे, या दोन गोष्टींवर या धनुष्याची सारी घडण अवलंबून असते.

रचना आणि कार्य

धनुष्याच्या मध्यभागी मूठ, तिच्या दोन्ही अंगांना बाहू आणि बाहूंच्या टोकांवर दोरी अडकवण्यासाठी खाचा असतात. धनुर्धराच्या विरुद्ध दिशेला असलेल्या पृष्ठभागास पाठ आणि त्याच्याकडे असलेल्या पृष्ठभागास पोट म्हणतात. दोरी खेचली असता पाठीवरील तंतू ताणले जातात, तर पोटावरील तंतू दाबले जातात. पाठीवरचे तंतू मध्येच कापले गेले असतील, तर ताण पडताच तेथून कपची उखडते आणि धनुष्य मोडते. म्हणून पाठ एकदा निश्चित झाली की तिच्यावर हत्यार चालवायचे नाही, हा सर्वत्र पाळला जाणारा नियम आहे. पुढील सर्व तासकाम पोटाच्या बाजूने आणि कडांवरून केले जाते.

बाहूचा ताठपणा रुंदीच्या सम प्रमाणात, पण जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. रुंदी एक दशांशाने कमी केली, तर ताठपणाही तेवढाच घटतो. जाडी एक दशांशाने कमी केली, तर तो सुमारे २७ टक्के घटतो. अखेरच्या टप्प्यात पोटावरून काढलेली कागदासारखी पातळ सालपटेही धनुष्याचा वाक बदलतात, त्याचे कारण हेच.

इतिहास

डेन्मार्कमधील होल्मेगार्ड येथील दलदलीत १९४४ मध्ये सापडलेली एल्म लाकडाची धनुष्ये सुमारे ९,००० वर्षांपूर्वीची असून, ती आजवर मिळालेल्या सर्वांत जुन्या धनुष्यांपैकी आहेत. त्यांचे बाहू रुंद व चपटे आहेत.

आल्प्स पर्वतात इटली–ऑस्ट्रिया सीमेवर १९९१ मध्ये बर्फात गोठलेला एका पुरुषाचा मृतदेह सापडला. ‘ओट्झी’ या नावाने ओळखला जाणारा हा मनुष्य सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचा आहे. त्याच्याजवळ यू वृक्षाच्या लाकडाचे सुमारे १.८२ मीटर लांबीचे धनुष्य होते. ते अपुरे होते. त्यावर तासल्याच्या खुणा स्पष्ट दिसतात. त्याच्या भात्यातील १४ बाणांपैकी केवळ दोन पूर्ण झालेले होते. घडवण्याच्या मधल्या अवस्थेतील धनुष्य म्हणून हा पुरावा विशेष मोलाचा आहे.

इंग्लंडचे ‘मेरी रोझ’ हे जहाज १५४५ मध्ये बुडाले व १९८२ मध्ये वर काढण्यात आले. त्याच्या अवशेषांत यू लाकडाची १३० हून अधिक अखंड धनुष्ये मिळाली. ही युद्धासाठी घडवलेली असल्याने खेचण्यास फार जड होती. शिकारी धनुष्य तुलनेने हलके असते, कारण शिकाऱ्याला ते आडोशाला अवघडलेल्या स्थितीतही शांतपणे खेचता यावे लागते.

प्राचीन भारतात कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्र’ या ग्रंथात ताड, बांबू, लाकूड आणि शिंग अशा चार द्रव्यांपासून केलेल्या धनुष्यांचा निर्देश आहे. दोरीसाठी मूर्वा (मोरवेल), रुई, ताग, बांबू, स्नायू इत्यादींची यादीही त्यात दिलेली आहे.

लाकडाची निवड

धनुष्याचे लाकूड ताण आणि दाब दोन्ही सोसणारे, सरळ रेषेचे व शक्यतो गाठींविरहित असावे लागते. यू वृक्षात निसर्गतःच दोन थरांची सोय असते: बाहेरचे फिकट रसकाष्ठ ताण सहन करते, तर आतील तांबूस मध्यकाष्ठ दाब सहन करते. म्हणून यूच्या धनुष्यात रसकाष्ठाचा पातळ थर पाठीवर राखला जातो.

उत्तर अमेरिकेतील ओसेज ऑरेंज हा तुतीच्या कुळातील वृक्ष तेथील मूलनिवासी धनुष्यकारांच्या विशेष पसंतीचा होता. फ्रेंच वसाहतकारांनी त्याला दिलेल्या नावाचा अर्थच ‘धनुष्याचे लाकूड’ असा होतो. त्याचे पांढरे रसकाष्ठ काढून टाकतात आणि पिवळ्या मध्यकाष्ठातील एकच वार्षिक वलय या टोकापासून त्या टोकापर्यंत उघडे करतात. हे काम सर्वांत चिकाटीचे मानले जाते. वलय गाठीभोवती वर उचललेले असेल, तर हत्यारालाही तसेच वर उचलावे लागते. हिकरी, ॲश व एल्म या लाकडांत मात्र साल काढताच मिळणारे सर्वांत बाहेरचे वलय पाठ म्हणून चालते.

घडण

१. फाडणे व सुकवणे : ओंडका करवतीने कापण्याऐवजी पाचरी ठोकून उभा फाडतात. करवत तंतू छेदत जाते. पाचर मात्र तंतूंच्या मार्गानेच लाकूड उलगडते. त्यामुळे लाकूड सरळ आहे की पिळलेले, हे याच वेळी कळते. कापलेली तोंडे सरसाने किंवा रंगाने बंद करतात, अन्यथा ती लवकर वाळून चिरतात. फाडलेले तुकडे सावलीत, हवेशीर जागी अनेक महिने, बहुधा वर्षभर वा अधिक काळ ठेवतात. ओल्या लाकडाचे धनुष्य वाकलेलेच राहते, तर अतिशुष्क लाकडाचे धनुष्य तडकते.

२. आखणी : धनुष्याची लांबी खेचण्याच्या अंतराच्या दुपटीहून थोडी अधिक ठेवतात. सुमारे ७० सेंटिमीटर खेचायचे असेल, तर १६५ ते १७५ सेंटिमीटर लांबी सुरक्षित ठरते. मध्यरेषा पट्टीने न आखता तंतूंच्या ओघाने आखतात. ती नागमोडी असली, तरी धनुष्य तसेच घडवतात. मुठीजवळ बाहूची रुंदी साधारण ४ ते ५ सेंटिमीटर असते आणि टोकाकडे ती निमुळती होत जाते.

३. तासणे : कुऱ्हाड व वाकस यांनी जादा लाकूड काढल्यावर दोन मुठींचे तासणीचे पाते, कानस आणि शेवटी खरवडण्याची पत्ती वापरतात. गाठ आल्यास ती कापून न काढता तिच्याभोवती थोडे अधिक लाकूड राखतात.

४. तोल साधणे : दोन्ही बाहू एकसारखे वाकवण्याच्या या टप्प्यावर धनुष्याचे भवितव्य ठरते. प्रथम टोक जमिनीवर टेकवून व मूठ दाबून बाहू कितपत वाकतो, हे पाहतात. नंतर सैल, लांब दोरी लावून धनुष्य खाचा पाडलेल्या उभ्या खांबावर ठेवतात, दोरी थोडी थोडी खाली ओढतात आणि दुरून वाकाचे निरीक्षण करतात. जो भाग ताठ राहिला असेल तेवढाच खरवडायचा आणि जो अधिक वाकत असेल त्याला हात लावायचा नाही. प्रत्येक खरवडीनंतर धनुष्य वीस-तीस वेळा हलकेच खेचतात, म्हणजे झालेला बदल दिसू लागतो. दोष दिसल्यास तो दूर होईपर्यंत अधिक खेचत नाहीत. ठरवलेल्या भारापेक्षा अधिक भार कोणत्याही टप्प्यावर देत नाहीत. हरणासारख्या प्राण्याच्या शिकारीसाठी पूर्ण खेचीला साधारण ४० ते ५० पौंड, म्हणजे १८ ते २३ किलोग्रॅम, भार पुरेसा मानला जातो. भार फार कमी असल्यास बाण खोल न जाता जनावर केवळ जखमी होऊन पळते.

५. दोरी व शेवटचा हात : दोरी अळशी वा अंबाडीवर्गीय वनस्पतींचे धागे, स्नायुतंतू किंवा आतडी यांची वळतात. वनस्पतीच्या धाग्यांना मेण चोळतात. चढवलेली दोरी मुठीपासून सुमारे १५ सेंटिमीटर दूर राहते. दमटपणापासून संरक्षणासाठी धनुष्याला चरबी, तेल वा मेण लावतात. वापर झाल्यावर दोरी उतरवून ठेवतात. बाण न लावता खेचलेली दोरी सोडणे टाळतात, कारण बाणात जाणारी सर्व शक्ती त्या वेळी धनुष्यातच परतते.

दोष

पाठीवरील कापलेल्या तंतूंमुळे कपची उखडणे हा सर्वांत घातक दोष आहे. पोट अति दाबले गेल्यास तेथे आडव्या, केसासारख्या सुरकुत्या उमटतात. तंतू चिरडले गेल्याची ती खूण असते. एखादा भाग फार पातळ झाल्यास बाहू तेथेच बिजागरीप्रमाणे वाकतो. अशा वेळी काढलेले लाकूड परत लावता येत नाही. उरलेला बाहू त्या भागाइतका हलका करणे एवढाच उपाय राहतो आणि धनुष्याचा एकूण भार घटतो. दोरी उतरवल्यावरही उरणारा बाक थोडा असणे स्वाभाविक आहे. तो फार असल्यास लाकूड ओले होते किंवा धनुष्य आखूड पडले, असे समजतात.

भारतातील कामठा

सातपुडा परिसरातील भिल्ल समाजात धनुष्य परंपरेने बांबूचे असून त्याची दोरीही बांबूच्या लवचीक सालपटाची करीत. वनस्पतिशास्त्रदृष्ट्या बांबू हे गवत असल्याने त्यात वार्षिक वलये नसतात. मात्र त्याचे बळकट तंतू सालीलगत दाट असतात व आतील भाग मऊ असतो. त्यामुळे बळकट तंतू राखून मऊ भाग काढणे, हे लाकडाला लागू असलेले तत्त्व येथेही लागू पडते. ‘भिल्ल’ या नावाचा उगम धनुष्यवाचक द्राविडी शब्दात असावा, असे मत प्रचलित आहे.

ज्ञानाचे संक्रमण आणि सद्यस्थिती

बंदुकीचा प्रसार झाल्यावर ही विद्या अनेक ठिकाणी लोप पावली. कॅलिफोर्नियातील याही जमातीचा अखेरचा ज्ञात सदस्य इशी १९११ मध्ये बाहेरच्या जगाच्या संपर्कात आला. सॅन फ्रान्सिस्को येथील विद्यापीठाच्या संग्रहालयात राहत असताना त्याने डॉ. सॅक्स्टन पोप यांना धनुष्य घडवणे आणि चालवणे शिकवले. जुनिपरच्या लाकडाचे आखूड धनुष्य करून त्याच्या पाठीवर तो स्नायुतंतू चिकटवीत असे. सरस साल्मन माशाच्या कातडीपासून करीत असे. इशी १९१६ मध्ये मरण पावला. पोप यांनी याही धनुर्विद्येवरील निबंध १९१८ मध्ये आणि शिकारी धनुष्यावरील ग्रंथ १९२३ मध्ये प्रसिद्ध केला. अमेरिकेत हाताने धनुष्य घडवण्याच्या छंदाला या लेखनामुळे नवी चालना मिळाली.

भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार वन्य प्राण्यांच्या शिकारीस बंदी आहे. त्यामुळे येथे अशा धनुष्याचे स्थान आता सण-समारंभ, नेमबाजी आणि संग्रहालये यांपुरते उरले आहे. पाचर कोणत्या रेषेत फिरेल, बाहू कोठे ताठ राहिला, खरवड कोठे थांबवावी, हे निर्णय हाताच्या आणि डोळ्यांच्या सवयीने घेतले जातात. म्हणून जुनी धनुष्ये जपण्याबरोबरच ती घडवू शकणाऱ्या कारागिरांकडून प्रत्यक्ष काम शिकून घेण्याला महत्त्व आहे.